वाफेची वाट

जागेवर जे दिसते ते लिहावे, जे वाटते ते लिहू नये, हा पंचनाम्याचा पहिला दंडक मला माझ्या पहिल्या मामलेदारांनी शिकविला, आणि पुढे चौतीस वर्षे रत्नागिरी जिल्ह्यातील निरनिराळ्या कचेऱ्यांत कोसळलेल्या भिंती, वाहून गेलेले बांध, जळालेल्या गवताच्या गंजी आणि वादळात आडवे झालेले आंबे यांचे पंचनामे लिहिताना मी तो शक्यतो मोडला नाही. परंतु सेवानिवृत्तीनंतर सातासमुद्रापलीकडे, न्यू जर्सीतील माझ्या मुलीच्या घराच्या तळघरात, कपडे वाळविण्याच्या एका विजेच्या यंत्रापुढे गुडघे टेकून बसण्याची वेळ येईल आणि तेथेही हाच दंडक उपयोगी पडेल, असे भविष्य कोणी वर्तविले असते तर मी आधी त्याचीच कुंडली तपासावयास मागितली असती.

जानेवारीचा महिना होता. बाहेर हिमाचा थर पोटरीपर्यंत चढलेला, आत दोन लहान नातवंडे, आणि त्या दोघांच्या दिवसाकाठच्या कपड्यांचा ढीग असा की, आमच्या गावी तेवढा एखाद्या कार्याच्या घरी निघावा. हवा बरी असतानाही बाहेर दोरी बांधण्याची सोय नव्हती, कारण वसाहतीच्या नियमावलीत तीस मनाई होती. हे कलम मी स्वतः वाचले. उघड्यावर लोंबणाऱ्या कपड्यांनी वस्तीची शोभा जाते आणि घरांची किंमत उतरते, अशी तेथील अनेक गृहसंघांची समजूत आहे, आणि ती इतकी बळावली की फ्लोरिडा, व्हरमाँट, मेन अशा काही राज्यांना कपडे उन्हात वाळविण्याचा नागरिकांचा हक्क कायदा करून राखावा लागला. सूर्याने कोणाचे धोतर वाळवावे याचाही निवाडा विधिमंडळात व्हावा, ही गोष्ट महसूल खात्यात हयात घालविलेल्या मनुष्यासही नवी होती.

तर अशा घरात ते यंत्र बंद पडले. बंद पडले असे म्हणणेही पंचनाम्याच्या दृष्टीने चूक ठरेल. ढोल फिरत होता, दार उघडले की आतला दिवा लागत होता, पंखा घोंघावत होता. मात्र तासाभराने बाहेर काढलेले टॉवेल गार आणि ओलेगच्च निघत होते. तीनच आठवड्यांपूर्वी हीच तक्रार झाली असताना एक कारागीर येऊन पाठीमागचे झाकण उघडून गेला होता, त्याने एक लहानसा भाग बदलला होता, आणि जी रक्कम मोजून घेतली होती ती रुपयांत सांगण्याचे मुलीने मला कटाक्षाने टाळले होते. जावईबापूंचे मत स्पष्ट होते. "बाबा, जुनं झालंय ते. नवीनच घेऊन टाकू." मी म्हटले, "आधी चौकशी तर होऊ द्या. फाशी नंतरही देता येईल."

वास्तविक माझा या विद्येवरील अधिकार बेताचाच. नोकरी लागण्यापूर्वी तीन वर्षे चिपळुणात मामांच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात मी डाग देण्याचे काम केले होते, आणि त्या काळात एक गोष्ट अंगवळणी पडली होती, ती ही की, गिऱ्हाईक 'आवाज गेला' म्हणून सांगत येते, पण आवाज हा शेवटचा दुवा असतो. गेलेले असते ते मागे कोठे तरी. म्हणून प्रथम यंत्राचा कारभार समजून घेतला. तो फार सोपा आहे. खोलीतील हवा आत ओढली जाते, तापलेल्या तारेवरून जाते, फिरत्या ढोलातील कपड्यांमधून वाहते, त्यांचे पाणी वाफेच्या रूपाने अंगावर घेते, एका जाळीतून गाळली जाते आणि पंखा तिला चार इंच व्यासाच्या नळीतून घराबाहेर लोटतो. लोक समजतात की उष्णता कपडे वाळविते. उष्णता फक्त पाण्याला कपड्यातून उठविते. उठलेल्याला घराबाहेर पोहोचविण्याचे काम हवेचे.

पहिला संशय विजेवर घेतला, आणि येथे मला त्या देशाची एक मौज कळली. आपल्याकडे घरात येते ती २३० व्होल्टची एक तार. तेथे १२० व्होल्टच्या दोन तारा येतात. दिवे, पंखे, मिक्सर एकेकीवर चालतात, आणि अशा अवजड यंत्राला दोन्ही मिळून २४० व्होल्ट पुरविले जातात. यंत्रातही पुन्हा वाटणी आहेच: ढोल फिरविणारी मोटर एकाच तारेवर भागवून घेते, तापणाऱ्या तारेला मात्र दोन्ही लागतात. त्यामुळे भिंतीवरील ३० अँपिअरच्या जोड-खटक्यातील एक बाजू पडली किंवा सैल झाली, तर ढोल आनंदाने फिरत राहतो आणि ऊब मात्र येत नाही. जोतातला एक बैल बसला तरी दुसरा रिकामे जू ओढीत चार पावले चालतो आणि लांबून पाहणाऱ्याला वाटते नांगरणी चालली आहे, तसाच हा प्रकार. मी खटका पूर्ण खाली पाडून पुन्हा वर चढविला, नंतर मीटर लावून पाहिले. दोन्ही बैल उभे होते. संशयित पहिला, निर्दोष.

मग भिंतीतून प्लग काढला. हे वाक्य मी मुद्दाम स्वतंत्र लिहीत आहे. २४० व्होल्टशी सलगी करणारा मनुष्य पुढचा पंचनामा लिहावयास उरत नाही.

पाठीमागचे पत्र्याचे झाकण स्क्रू काढून उतरविले, आणि आत एका पेटीत गुंडाळलेली तार दिसली. निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची ही तार ताशी पाच-साडेपाच युनिट वीज खाऊन लालबुंद होते. तिचा अवरोध मीटरवर साडेदहा ओहमच्या आसपास भरला, म्हणजे ती शाबूत होती. तुटलेली असती तर मीटरने काही दाखविलेच नसते. आता राहिले पहारेकरी. आमच्या यंत्रात ते तीन होते आणि त्यांची प्रतवारी आपल्या खात्यासारखीच होती. पहिला थर्मोस्टॅट ढोलातून निघालेली हवा साधारण ६८ अंश सेल्सिअसपर्यंत तापली की तारेची वीज तोडतो आणि निवली की पुन्हा जोडतो. हे त्याचे रोजचे काम, दिवसात पन्नास वेळा करून तो कुरकुरत नाही. दुसरा तारेच्या पेटीलाच चिकटलेला, १२१ अंशांवर जागा होणारा. त्याला सहसा हालचाल करावी लागू नये अशी अपेक्षा असते. आणि तिसरा, थर्मल कटऑफ नावाचा, बोटाच्या पेराएवढा, दोन पायांचा. पेटी १७८ अंशांच्या आसपास गेली की हा वीज तोडतो, आणि तोडतो ती कायमची. त्याला पुन्हा जोडता येत नाही. एकदाच कर्तव्य करावयाचे आणि त्यातच संपावयाचे, अशी त्याची नेमणूक आहे.

त्याच्या दोन पायांना मीटर लावला. काटा हलला नाही. तो गेलेला होता.

कारागिराने तीन आठवड्यांपूर्वी बदलला तो हाच. त्याने मेलेला पहारेकरी उचलला, त्याच जागी दुसरा उभा केला, आणि पहिला का मेला याची विचारपूस न करता निघून गेला. यावर मी त्या गृहस्थास फारसा दोष देत नाही, कारण हीच गोष्ट आपण सर्वजण करीत असतो, आणि बहुधा याहूनही वाईट करतो. आमच्या गावच्या घरी चिनी मातीच्या किटकॅटमधला फ्यूज पावसाळ्यात वारंवार उडू लागला, तेव्हा आमच्या थोरल्या बंधूंनी त्यात तांब्याची जाड तार पिळून घातली आणि 'आता उडतो कसा बघतो' असे उद्गार काढले. फ्यूज खरोखरच उडाला नाही. पंपाची मोटर जळाली. या यंत्राच्या कटऑफलाही तारेने आडवाट काढून देणारे महाभाग आहेत असे जावईबापूंनी सांगितले, तेव्हा मला बंधूंची आठवण झाली आणि मनुष्यस्वभावास पासपोर्ट लागत नाही याची खात्री पटली. बातमी वाईट म्हणून बातमीदाराला काढून टाकण्याचा हा शिरस्ता कचेरीतही मी पुष्कळ पाहिला आहे; ज्या तलाठ्याने बांध खचल्याचा अहवाल वेळेवर पाठविला, त्याचीच बदली खाडीपलीकडे झाल्याचे एक प्रकरण अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. असो.

पेटीत उष्णता कोंडली, म्हणून कटऑफ गेला. उष्णता कोंडली, कारण हवा तिला वाहून नेत नव्हती. हवा का नेत नव्हती, याचा माग पुढे काढावयाचा होता. मुलगी म्हणाली, "बाबा, जाळी मी प्रत्येक वेळी साफ करते हं," आणि ते खरे होते. तरीही जाळी नळाखाली धरली, तेव्हा पाणी तीवर साचून राहिले, खाली उतरेना. कपडे मऊ आणि सुगंधी व्हावेत म्हणून ढोलात टाकावयाच्या ज्या पातळ चादरी मिळतात त्यांच्या मेणचट द्रव्याचा, डोळ्यांस न दिसणारा पापुद्रा तिच्या छिद्रांवर बसला होता. साबण आणि दात घासण्याचा जुना ब्रश घेऊन ती घासली, पाणी सरळ पडू लागले. पण हा किरकोळ गुन्हा झाला. एवढ्याने पेटी १७८ अंशांवर जाणार नव्हती.

यंत्र भिंतीपासून पुढे ओढले आणि मागे पाहतो तो घडीघडीची चकचकीत फॉइलची नळी, यंत्र मागे रेटताना दबून, उसाच्या चिपाडासारखी चपटी झालेली. तेथील बांधकामाच्या नियमांत या नळीविषयी जो तपशील आहे तो वाचून मला आमच्या पाटबंधाऱ्यांच्या मोजणीची पुस्तके आठवली: नळी गुळगुळीत धातूची असावी, ३५ फुटांहून लांब असू नये, काटकोनातले प्रत्येक वळण पाच फुटांएवढे धरून तितकी लांबी कमी करावी, सांधा जोडताना आत टोक निघेल असा स्क्रू मारू नये कारण त्याला धागे अडकतात, आणि बाहेरच्या तोंडाला जाळी बसवू नये. या शेवटच्या कलमावर मी थबकलो. कोट, कानटोपी, मफलर असा सरंजाम चढवून बाहेर गेलो, घराच्या मागल्या भिंतीशी हिम उकरले, आणि आतून जावईबापूंना यंत्र चालू करावयास सांगितले. नळीच्या तोंडावरची झडप पंख्याच्या वाऱ्याने सताड उघडावयास हवी होती; ती एखाद्या झोपाळू कारकुनाच्या पापणीसारखी किंचित थरथरली आणि पुन्हा मिटली. यंत्र बंद करवून ती बोटाने वर उचलली. आत तारेची बारीक जाळी होती, आणि जाळीच्या आतल्या अंगाला दोन बोटे जाडीचा, राखाडी, दमट, नमद्यासारखा घट्ट थर.

ही जाळी पूर्वीच्या घरमालकाने बसविली होती, असे मागाहून शेजाऱ्याकडून कळले. चिमण्या आणि साळुंकीच्या जातीचे पक्षी या उबदार तोंडात घरटी करतात. एका वसंतात पिले आत अडकून मेली, ते त्या गृहस्थांच्या पत्नीला सहन झाले नाही, म्हणून त्यांनी पुन्हा तसे होऊ नये अशी व्यवस्था केली. म्हणजे साऱ्या प्रकरणाच्या मुळाशी एक दयेचे कृत्य होते. गुन्ह्याचा हेतू या सदराखाली असे काही लिहिण्याची पाळी माझ्यावर पूर्वी आली नव्हती.

तो थर मी खुरप्याने काढला आणि टाकून देण्याऐवजी घरात आणून वर्तमानपत्रावर पसरला. त्या देशात त्यास लिंट म्हणतात. जवळून पाहिले तर तो एका रंगाचा नसतो: जीनच्या पँटींचा निळा, टॉवेलांचा पांढरा, नातीच्या लोकरी टोपीचा लाल, आणि मध्येच, मी मागल्या खेपेस आलो होतो तेव्हाच्या माझ्या पंच्याचा असावा असा एक पिवळट पट्टा. प्रत्येक वेळी वाळताना कपडे थोडे थोडे झिजतात आणि ती झीज येथे जमा होते. ज्या वर्षात नातू रांगत होता त्या वर्षाची दुपटी कपाटातून केव्हाच गेली, पण त्यांचे सूत या नमद्यात कोठे तरी असणारच. हे सर्व जेवढे हळवे होऊन पाहण्यासारखे आहे, तेवढेच घातकही आहे, कारण असा सुटा सुका तंतू ठिणगीची वाटच पाहत असतो. २००८ ते २०१० या वर्षांचा हिशेब करून अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने अशा यंत्रांमुळे घरांना लागणाऱ्या आगी वर्षाला सुमारे २,९०० धरल्या, आणि कारणांत पहिला क्रमांक दिला तो साफसफाई न करण्याला. तो मेलेला कटऑफ हातात घेऊन मी मुलीला एवढेच म्हटले की, या खेपेस याने पगार पुरता फेडला.

नवा कटऑफ टपालाने आला तो एकटा आला नाही. सोबत त्याच्या शेजारचा १२१ अंशांचा पहारेकरीही नवा होता, कारण ही जोडी एकत्रच बदलावी असा कारखान्याचा संकेत आहे. एक मेला तो दुसऱ्याने अनेकदा हाका मारूनही कोणी ऐकले नाही म्हणून, तेव्हा त्या दुसऱ्याचीही गात्रे थकलेली असणारच. हा संकेत मला फार आवडला.

भाग येईपर्यंतच्या चार दिवसांत माझी कीर्ती वसाहतीतील मराठी कुटुंबांत पसरली, आणि मला इतर व्याधींचेही दर्शन घडले. ठाण्याच्या एक बाई आल्या, "काका, आमचं यंत्र किंचाळतंय हो." ढोल ज्या रबरी कडांच्या चाकांवर टेकतो ती झिजली की तो असाच कण्हतो, आणि पट्टा ताणून धरणाऱ्या लहान कप्पीचा आस कोरडा पडला की त्याहून बारीक सुरात. नाशिककडच्या एका तरुणाच्या यंत्रात मोटर गुणगुणत होती पण ढोल जागचा हलत नव्हता. हाताने ढकलला तर पोकळ भोपळ्यासारखा हलका फिरला. पट्टा तुटला होता. तिसऱ्या घरी कपडे ओले असतानाच यंत्र 'वाळले' असे जाहीर करून थांबत असे. ढोलात धातूच्या दोन पट्ट्या असतात, ओले कापड त्यांना एकदम चिकटले की त्यातून बारीकसा प्रवाह वाहतो आणि त्यावरून यंत्र ओल ओळखते; त्या पट्ट्यांवर तोच सुगंधी मेणचटपणा बसला होता. मद्यार्काचा बोळा फिरविला, यंत्र खरे बोलू लागले. ठाण्याच्या बाईंनी डबाभर चकल्या दिल्या. लाच म्हणून नव्हे, निकालानंतर दिल्या, याची नोंद असावी.

आमच्या यंत्राच्या पूर्वजांची माहिती जावईबापूंनी वाचून दाखविली, तेव्हा मी मनसोक्त हसलो. विस्कॉन्सिन राज्यातील टू रिव्हर्स गावच्या हॅमिल्टन कंपनीने १९३८ साली कपडे वाळविण्याचे जे यंत्र बाजारात आणले, त्याचे नाव 'जून डे' असे होते: जूनमधला दिवस! त्या मुलखात जून म्हणजे स्वच्छ ऊन, कोरडा वारा, दोरीवर फडफडणाऱ्या चादरी. आणि आमच्या कोकणात? मृग निघाला की दोरी अंगणातून माजघरात येते ती दसऱ्यापर्यंत. वलणीवरचे कपडे चार-चार दिवस तसेच दमट राहतात, त्यांना कुबट वास सुटतो, आणि शाळेच्या सदऱ्यावर बुरशीचे काळे ठिपके पडतात. कोकणी मनुष्याने ते यंत्र केले असते तर त्याचे नाव वैशाख ठेवले असते.

आमच्या घरी तेव्हा वैशाख होता तो आजीच्या ताब्यात. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर निखारे घालून त्यावर ती वेताचे डालगे पालथे घाली आणि त्यावर लंगोट, झबली, दुपटी अंथरी. एकदा मोठ्या काकूंनी ऊब फुकट जाते म्हणून त्यावर गोणपाट झाकले. आजी देवळातून परतली तेव्हा गोणपाट उचलताच वाफेचा लोट निघाला. लंगोट ओलेच होते, वर गरम, आणि एकाच्या कडेला करपल्याचा डाग. आजीने काकूंना काही म्हटले नाही. तिने गोणपाट काढून दाराशी पायपुसणे म्हणून टाकले, खोलीच्या वरच्या झरोक्यातला चिंध्यांचा बोळा काठीने पाडला आणि पुन्हा जपमाळ हातात घेतली. त्या झरोक्याचा आणि लंगोटांचा संबंध काय, हा प्रश्न मला साठ वर्षे पडला नाही, तो न्यू जर्सीत हिमात उभा असताना पडला.

चवथ्या दिवशी दोन्ही पहारेकरी जागेवर बसविले, मागे गुळगुळीत पत्र्याची नवी नळी जोडली, झाकण लावले, प्लग घातला. ओले टॉवेल आत टाकून मी पुन्हा मागल्या भिंतीशी जाऊन उभा राहिलो. थोडा वेळ काही घडले नाही. मग झडप एका दमात आडवी झाली आणि तीतून पांढऱ्या वाफेचा असा जाड झोत निघाला की समोरच्या हिमात हां हां म्हणता खड्डा पडू लागला. साबणाचा, कापसाचा, बाळाच्या अंगाचा वास त्या गोठलेल्या अंगणात पसरला. मी हात पुढे धरून उभा होतो. आतून मुलगी ओरडत होती, "बाबा, कानटोपी तरी घाला!" आणि टॉवेल चाळीस मिनिटांत वाळले.

काढलेली जाळी तिने टाकली नाही. उन्हाळ्यात तिचा फोन आला, तेव्हा म्हणाली, तुळस मोठ्या कुंडीत लावली, आणि तळाच्या भोकातून माती वाहून जाते म्हणून आत ती जाळी कापून बसविली; पाणी छान उतरते आहे.